सॉरी म्हण!

आमच्या लहानपणी मुलांना भावना दोनच असत. भूक आणि मार. मार ही भावना नव्हे, हे मला पुष्कळ मागाहून कळलं. पण तो इतका नियमितपणे मिळायचा की भावनाच वाटायची. राग यायचा तो वडिलांना, दुःख व्हायचं ते आईला, आणि आनंद मात्र परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कुणीच करायचा नाही, असं घरोघरी खातेवाटप झालेलं होतं. आपल्या खात्याबाहेरच्या भावनेत कुणी ढवळाढवळ करत नसे.

त्यामुळे आमचे नातू, ज्यांना घरात सगळे युवराज म्हणतात, केजी टूमध्ये गेले आणि आमच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटला, तेव्हा मी जरा बिचकलोच. तक्त्यावर पाच गोल पिवळे चेहरे. आनंद, दुःख, राग, भीती आणि कंटाळा. रोज संध्याकाळी मुलाला 'आज तू कोणता चेहरा?' असं विचारायचं आणि घरातल्या मोठ्यांनीही आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, अशी शाळेची सूचना. मी पाचही चेहरे चष्मा लावून न्याहाळले आणि "यात माझा चेहरा नाही" असं जाहीर केलं. बत्तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाचा चेहरा इतका गोल राहत नाही. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "कंटाळ्यावर बोट ठेवा. चालते."

मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात आणि सूनबाई नागपूरला नोकरीवर, त्यामुळे दुपारपासून युवराज आमच्या ताब्यात असतात. खरं म्हणजे आम्ही त्यांच्या. सूनबाईने जाताना बजावलं, "बाबा, त्याला राग आला तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या रागाला नाव द्या." आता लोकांच्या रागाला नावं देण्यातच माझं आयुष्य गेलं. पण ती नावं फ्रिजवर लावण्यासारखी नाहीत.

हे सगळं नवं थोतांड आहे, असं माझं स्वच्छ मत होतं. पण चौकशी केली तर सरकारने २०२२ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा काढला, त्यात सामाजिक, भावनिक आणि नैतिक विकासाला भाषा आणि अंकांच्या पंगतीत पाट मांडून बसवलेलं निघालं. सरकारी कागद निघाला की माझा विरोध संपतो. ही नोकरीची सवय आहे.

आता मूळ प्रकरण सांगतो.

आमचं कळमेश्वर म्हणजे नागपूरच्या पश्चिमेला, संत्र्याच्या बागा आणि कारखाने यांच्यामध्ये बसलेलं तालुक्याचं गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झाले की दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत रांगेत उभी करतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा वसूल करतात. बोजारा म्हणजे बैल दाखवल्याबद्दल मिळणारे पैसे. बैलाच्या नावावर माणसाने पैसे मिळवण्याचं शिक्षण आमच्याकडे असं फार लवकर सुरू होतं.

यंदा रांगेत पहिला नंबर कुणाचा, यावरून युवराज आणि शेजारची त्याच्याच वयाची मुलगी यांच्यात वाद झाला. युवराजांचा नंदी बाजारातला, नवा कोरा, चाकं लावलेला. तिचा नंदी तिच्या आजोबांच्या लहानपणचा, सागवानी, हात फिरून फिरून काळा गुळगुळीत झालेला. युवराजांनी दोरीला हिसका दिला. नंदी आडवा झाला आणि त्याचं डावं शिंग मोडून गटारापाशी जाऊन पडलं.

क्षणभर शांतता पसरली. मग त्या मुलीने जो सूर लावला, तो ऐकून आम्ही आठ मोठी माणसं धावलो आणि आठ तोंडांनी एकच मंत्र म्हणालो, "सॉरी म्हण! आधी सॉरी म्हण! म्हटलं का सॉरी?"

युवराज म्हणाले. पण कसे? मे महिन्यात आम्ही दोघांनी नागपूर स्टेशनावर अडीच तास एका गाडीची वाट पाहिली होती. त्या अवधीत ध्वनिक्षेपकावरच्या बाईने 'असुविधा के लिए हमें खेद है' हे इतक्या वेळा ऐकवलं की नातवाला ते पाठ झालं. तेव्हापासून दिलगिरी व्यक्त करायची ती त्याच सुरात, अशी त्याची समजूत आहे. त्याने आकाशाकडे पाहून, नाकातून, शेवटचं अक्षर लांबवत "सॉरीऽऽ" म्हटलं आणि बोजाऱ्यासाठी हात पुढे केला.

मुलगी रडतच होती. तेव्हा युवराजांनी आम्हा आठही जणांकडे वळून सरळ विचारलं, "मी सॉरी म्हटलं ना? मग ती काहून रडून राहिली?"

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर आठांपैकी एकाकडेही नव्हतं. कुणी नंदीचं तोरण नीट करू लागलं, कुणाला घरी दूध गॅसवर ठेवल्याचं आठवलं.

रात्री मला झोप आली नाही. पोराला काहीही वाटत नव्हतं. त्याला खरं बोलायला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, 'मला बोजारा हवा.' म्हणजे आठ सुशिक्षित माणसांनी मिळून, सणासुदीच्या दिवशी, एका पाच वर्षांच्या मुलाकडून खोटं बोलवून घेतलं की काय? सौ.ला उठवून विचारलं. ती म्हणाली, "आपण नमस्कार कर म्हणतो तेव्हा कुठे त्याच्या मनात भक्ती असते? आधी वाकायला शिकते, मग कधीतरी कळते. झोपा." सकाळी सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "नाही बाबा, आधी वाटायला पाहिजे. न वाटता म्हटलं तर सॉरी म्हणजे पावती होते. फाडली की सुटलो." दोघींचंही मला पटलं. घरात दोन बायका असल्या की माणसाला बहुतेक सगळं पटतं.

वाटणं म्हणजे तरी काय? दुसऱ्याच्या डोक्यात आपल्याहून वेगळं काही चाललेलं असतं, हे आधी कळलं पाहिजे. यावर १९८३ साली विमर आणि पेर्नर नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. मुलांना गोष्ट सांगायची. एक मुलगा चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून बाहेर जातो, मागून त्याची आई ते हिरव्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं सांगतात, हिरव्यात. कारण चॉकलेट हिरव्यात आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं आणि आपल्याला माहीत ते जगाला माहीत, असा त्यांचा भाबडा विश्वास असतो. साधारण चार वर्षांच्या पुढे मुलं सांगू लागतात, निळ्यात. कारण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

मी हा प्रयोग बेसनाच्या लाडवांवर करून पाहिला. युवराज पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाले. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी डब्यातले तीन लाडू नाहीसे झाले आणि युवराजांनी मुंगळ्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्याच्या डोक्यात शिरता येऊ लागलं की तिथे दोन कामं करता येतात. त्याचं दुःख ओळखता येतं आणि त्याला फसवताही येतं. दार एकच. आत जाऊन मूल काय करील, ते त्याने घरात काय पाहिलंय त्यावर.

आणि घर म्हणजे कोण, तर आम्हीच. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी एक साधी गोष्ट केली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. 'अंगणवाडी' या शब्दाच्या पोटात ते अंगण आहे. मी इतकी वर्षं हा शब्द कचेरीच्या फायलींवर लिहिला, पण त्यातलं अंगण मला कधी दिसलं नाही. शाळा अंगणात आली की अंगणातली माणसं आपोआप मास्तर होतात. त्यांची पात्रता मात्र कुणी तपासलेली नसते.

माझी मीच तपासायला घेतली आणि पंचाईत झाली. घरात मी कुणाला, कधी, काय म्हणून माफी मागितली होती? आठवेना.

यात थोडा दोष मराठीचा आहे. रोजच्या वापरातलं माफीचं वाक्य आपल्याकडे जवळजवळ नाहीच. 'मला क्षमा कर' म्हणायला अंगावर शेला लागतो. 'माफ कर' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, आणि त्यात सगळं काम समोरच्याला सांगितलेलं. चूक माझी आणि हुकूम त्याला! 'दिलगीर' हाही फारसीच. त्याचा अर्थ, काळीज धरलं गेलेला. हा अर्थ कळला त्या दिवशी मी हादरलो. 'झालेल्या विलंबाबद्दल हे कार्यालय दिलगीर आहे' असं मी बत्तीस वर्षांत हजारो वेळा लिहिलं असेल. एकदाही कार्यालयाचं काळीज कुणी धरलेलं पाहिलं नाही. राहिलं अस्सल मराठी, 'चुकलं माझं'. तेही बघा. चुकलं! ते आपलं आपण चुकलं. मी तिथे नुसता उभा होतो. 'मी चुकलो' असं सरळ म्हणणारा माणूस मी तरी क्वचितच पाहिला आहे.

मग आमच्या आधीची माणसं काय करायची? खायला घालायची. मी तिसरीत असताना कोनाड्यातली दोन रुपयांची नोट हरवली आणि वडिलांनी मला बडवून काढलं. चार दिवसांनी नोट त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडली. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी नागपूरहून येताना संत्र्याची बर्फी घेऊन आले, पुडा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "जेवला का?" ही आमच्या घराण्यातली सर्वांत मोठी माफी. मी पाचही वड्या खाल्ल्या.

पण खरं सांगू का? आज मी सत्तरीकडे झुकलोय, तरी संत्र्याची बर्फी तोंडात घातली की मनात येतं, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, की त्या दिवशी नुसती बर्फी आणली होती? ते एकदा म्हणाले असते तर एवढं कोडं उरलं नसतं. तेव्हा बर्फीशिवाय सॉरी फुकट, हे युवराजांच्या तान्ह्या पोळ्यावरून कळलं. आणि नुसती बर्फीही पुरत नाही, हे मला साठ वर्षांपासून माहीत होतं.

शिंगाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी युवराज दुपारी माझ्याजवळ आले आणि विचारू लागले, "आजोबा, शिंग फेव्हिकॉलनं चिकटते का?" मी चिकटते म्हणालो. मग दोघं ओट्यावर बसली. एकीने शिंग धरलं, दुसऱ्याने अर्धी बाटली नंदीवर, पाव बाटली चड्डीवर आणि उरलेली शिंगावर ओतली. शिंग वाकडंच बसलं. आता तो नंदी सारखा डावीकडून कुणीतरी हाक मारल्यासारखा दिसतो. मुलगी मात्र खूष होती. तिचं रडं संपलेलं पाहून युवराजांच्या तोंडावर जो भाव आला, तो फ्रिजवरच्या पाचांत नाही. तेव्हा तो काही म्हणाला नाही, आणि कुणी म्हणायलाही लावलं नाही.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण त्याच आठवड्यात शाळेने 'माझी माणसं' म्हणून घरच्यांचे फोटो वहीत चिकटवायला सांगितले. जुन्या अल्बममधल्या एका फोटोवर युवराजांचं बोट थांबलं.

"हे कोण?"

"तुझे मोठे आजोबा. माझे दादा."

"कुठे राहते?"

"ब्राह्मणीला."

आता ब्राह्मणी म्हणजे काही काशी नव्हे. कळमेश्वर आणि ब्राह्मणी इतकी लागून की दोघांची मिळून नगरपरिषद एकच आहे. गावांनी संसार एकत्र थाटला. भावांचा मात्र मोडला होता.

"मग ते आपल्याकडे काहून येत नाही?"

मी इकडचं तिकडचं बोललो. पोरगं ऐकत राहिलं आणि मग अगदी सहज म्हणालं, "त्यांचं काय तोडलं तुम्ही?"

सांगतो. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले. शेवटचे चार महिने दवाखान्याचं सगळं दादांनी पाहिलं. बाग तेच करायचे; त्या वर्षीची संत्री विकून पैसे भरत गेले. मी नोकरीच्या निमित्ताने रविवारी जाऊन, खुर्चीवर बसून येत असे. तेरवीच्या दिवशी, पाहुणे अजून मांडवात असताना, मी म्हणालो, "दादा, खर्चाची वही कुठे आहे?" मनात पाप नव्हतं हो. बत्तीस वर्षांची सवय. खर्च झाला की व्हाउचर मागायचं. दादांनी वही आणून माझ्या हातात दिली. तेव्हा तरी मी ती मिटून परत करायची! मी उघडली. पान उलटून उलटून शेवटपर्यंत बेरीज तपासली. ती पैशापैशाला बरोबर होती. बरोबर निघाली म्हणूनच प्रकरण बिघडलं. चुकलेली असती तर आम्ही भांडलो असतो, आणि भांडण आज ना उद्या मिटलंही असतं. बरोबर बेरजेवर मिटवायला काही नसतं. दादांनी वही घेतली आणि ते आत गेले. त्यानंतर लग्नकार्यात आम्ही एकमेकांना नमस्कार करत आलो, तोही स्टेशनवरच्या बाईच्या सुरात.

दसऱ्याला मी आपट्याची पानं घेतली आणि युवराजांना बरोबर घेतलं. सोनं द्यायला कुणीही कुणाकडे जाऊ शकतो, ही आपल्या पूर्वजांनी भांडखोर माणसांसाठी करून ठेवलेली सोय आहे. वाटभर 'मी चुकलो' असं घोकत होतो. दादा ओसरीवर बसलेले होते. मी सोनं दिलं, पाया पडलो आणि म्हणालो, "यंदा झेंडू फार महाग आहे."

दादा म्हणाले, "हो."

युवराज माझ्याकडे टक लावून बघत होते. मी मान खाली घालून पुटपुटलो, "दादा, त्या दिवशी ती वही... चुकलं माझं."

दादा म्हणाले, "काय म्हटलं? त्या कानानं ऐकू येत नाही मले. इकडून बोल."

अकरा वर्षांत दादांचा उजवा कान गेला होता आणि मला त्याची वार्ताही नव्हती. मी उठून डाव्या बाजूला गेलो आणि घसा साफ करून जरा जास्तच मोठ्यानं ओरडलो, "मी चुकलो!"

समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. आतून वहिनींनी घाबरून विचारलं, "अवो, कोण चुकलं? कुठे चुकलं?"

दादा बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी ते बेरीज तीनदा करून ठेवली होती. तू मागशील, माहीत होतं मले."

मला याचं उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. वहिनींनी पानं वाढली. निघताना दादांनी आंबिया बहाराची पहिलीवहिली, अजून हिरवटच असलेली संत्री पिशवीत भरून युवराजांच्या हाती दिली. सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. आमच्याही नंदीचं शिंग वाकडंच बसायचं आहे. पण चिकटवायला दोघं ओट्यावर बसलो आहोत, एवढं खरं.

संध्याकाळी तक्त्यापुढे उभं करून युवराजांनी विचारलं, "आजोबा, आज कोणता चेहरा?" मी बराच वेळ शोधला आणि शेवटी दुःख आणि आनंद यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिथे चेहरा नाही म्हणून युवराजांनी माझं उत्तर चूक ठरवलं. मी म्हटलं, "चुकलो." या शब्दाचा आता सराव ठेवला आहे.

परवा पुन्हा नागपूर स्टेशनावर बसलो होतो. गाडी नेहमीप्रमाणे लेट. बाईने खेद व्यक्त केला. युवराजांनी लगेच नाक दाबून तिची नक्कल सुरू केली. मी त्याला थांबवलं. म्हटलं, "नको रे, बिचारीला हसू नको. ती निदान दहा मिनिटांनी म्हणते तरी. मला अकरा वर्षं लागली."